आहे ते सापडत नाही, म्हणून दुसरे विकत घेतले जाते

पाचशे-हजार माणसांच्या कोणत्याही कंपनीतली सॉफ्टवेअरची बिले एका टेबलावर मांडून बघा. एकच काम करणारी दोन-तीन साधने हमखास निघतील. फॉर्म भरून घ्यायला तीन, फाइली ठेवायला चार, कामे वाटून द्यायला आणखी तीन. मार्केटिंगचे वेगळे, एचआरचे वेगळे, प्लँटचे वेगळे. मग फायनान्सकडून फर्मान निघते, ‘डुप्लिकेट बंद करा.’ आयटी विभाग महिनाभर खपतो, काही करार रद्द होतात, बचतीचा आकडा वार्षिक आढाव्यात झळकतो आणि दोन वर्षांत पुन्हा तेवढीच गर्दी जमते.

या गर्दीचे खापर सहसा खातेप्रमुखांच्या हट्टावर किंवा उधळेपणावर फुटते. पण ज्याने दुसरे साधन घेतले त्याला विचारले, तर उत्तर वेगळेच मिळते. पहिले साधन कंपनीत आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. किंवा ठाऊक होते, पण ते कुणाकडून आणि कसे मिळवायचे याचा पत्ता लागत नव्हता. दुखणे माहितीच्या मांडणीत असते आणि औषध खरेदी विभागाला पाजले जाते. मांडणी तशीच ठेवून करार रद्द केले, तर नवे करार येतच राहणार. म्हणून या लेखात छाटणीच्या आधी काय करायचे, ते सांगितले आहे.

समजा, चाकणच्या एका कारखान्यातल्या एचआर अधिकारी बाईंना कँटीनबद्दल कामगारांची मते घ्यायची आहेत. त्या इंट्रानेटवर ‘सर्व्हे’ असे शोधतात. एका जुन्या ग्राहक-पाहणीची पीडीएफ येते, प्लॉटच्या मोजणीचा नकाशा येतो. कंपनीकडे मायक्रोसॉफ्ट ३६५चे परवाने आहेत, त्यात ‘फॉर्म्स’ हे साधनही आहे. पण इंट्रानेटवर ते ‘डिजिटल वर्कप्लेस’, त्याखाली ‘कोलॅबरेशन सूट’, त्याखाली ‘प्रॉडक्टिव्हिटी’ अशा तीन मजल्यांच्या तळघरात आहे. हेल्पडेस्कला विचारावे, तर तिकिटाच्या यादीत त्यांच्या कामाचा प्रकारच नाही. ‘इतर’ निवडले की उत्तराला चार दिवस. त्याच दुपारी त्या एका संकेतस्थळावर खाते उघडतात, पुढच्या महिन्यात त्याची पैसे देऊन मिळणारी आवृत्ती घेतात आणि बिल इतर किरकोळ खर्चात लावतात. कंपनीत एक नवी आयटी सेवा जन्माला आली आणि आयटीला तिची खबरही नाही.

डुप्लिकेट सेवा येतात कुठून?

पहिली वाट खातेरचनेतून जाते. १९६८ साली मेल्विन कॉन्वे या संगणकतज्ज्ञाने ‘डेटामेशन’ मासिकात एक निरीक्षण मांडले: संस्थेतली माणसे एकमेकांशी जशी बोलतात, तशाच आकाराची प्रणाली ती संस्था घडवते. इंट्रानेट हा त्याचा उघड पुरावा. वर ‘आयटी’, ‘प्रशासन’, ‘फायनान्स’ अशी दारे आणि प्रत्येक दारामागे त्या खात्याच्या सोयीची यादी. नव्या माणसाला लॅपटॉप, ओळखपत्र आणि ईमेल लागतो. तीन वस्तू, तीन दारे. कोणते काम कोणत्या खात्याचे, हे आधी ठाऊक असेल तरच वस्तू सापडते. ज्याला ठाऊक नाही तो आपली वेगळी सोय करतो.

दुसरी वाट नावांची. प्रकल्प सुरू करताना कुणीतरी हौसेने ‘गरुड’ किंवा ‘उडान’ असे नाव ठेवते आणि सेवेला तेच चिकटते. काही ठिकाणी व्हेंडरने दिलेले उत्पादनाचे नावच वापरात राहते. गेटवरचा सुरक्षारक्षक ‘गेटपास’ शोधतो. यादीत मात्र ‘व्हिजिटर लाइफसायकल मॅनेजमेंट’ लिहिलेले असते. शोध रिकामा येतो आणि रिकामा शोध म्हणजे ‘आपल्याकडे नाही’ असाच अर्थ माणूस काढतो.

तिसरी वाट अविश्वासाची. सेवा सापडते, पण पानावर मालकाचे नाव नाही, शेवटची दुरुस्ती कधी झाली ते नाही आणि दिलेला फोन नंबर दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिलेल्या माणसाचा. असे पान पाहून कुणीही ही सेवा बंद पडली असे समजेल.

चौथी वाट सर्वांत खोल, कारण ती डेटात शिरते. विक्री विभागाची ग्राहकयादी वेगळी, सर्व्हिसची वेगळी, वसुलीची वेगळी. प्रत्येक यादीत त्याच ग्राहकाचा क्रमांक निराळा. याद्या जुळत नाहीत म्हणून प्रत्येक विभाग स्वतःचे रिपोर्टिंग साधन घेतो आणि डुप्लिकेट डेटावर डुप्लिकेट सेवा उभी राहते. सरकारी कारभारात हाच पेच गावांच्या बाबतीत होता. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात किती तरी आहेत आणि खात्याखात्यांचे संकेतांक वेगवेगळे होते. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’ने राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि स्थानिक संस्था या सर्वांना एकच सामाईक संकेतांक देण्याचे काम हाती घेतले. २०२३मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ज्या प्रणालीत ओळख संकेतांकावर बेतलेली आहे, तिथे नावाची एक नोंद बदलली की झाले. जिथे नावच ओळख म्हणून वापरले आहे, तिथे एकाच जिल्ह्याच्या दोन नोंदी होतात आणि मग त्या जुळवायला आणखी एक साधन लागते.

बिलापलीकडचा खर्च

दोन परवान्यांचे पैसे दिसतात, म्हणून चर्चा त्यांचीच होते. त्याहून जड गोष्टी हिशेबाच्या वहीत येत नाहीत. मीटिंगमध्ये दोन अहवालांत दोन आकडे आले, की पहिला अर्धा तास कुठला खरा यावरच जातो. नोकरी सोडलेल्या माणसाचे मुख्य खाते आयटी त्याच दिवशी बंद करते. पण त्याने परस्पर उघडलेली खाती चालूच राहतात, कारण ती कुठे आहेत हे कुणाला माहीत नसते.

आता त्यात कायद्याची भर पडली आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला स्वतःची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला लावण्याचा हक्क दिला. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ‘माझी माहिती काढून टाका’ असे ग्राहकाने लिहिले, तर ती तुमच्याकडे किती ठिकाणी आहे? हे सांगता येत नसेल, तर अर्जाला प्रामाणिक उत्तरही देता येणार नाही.

दोन सरकारांचा अनुभव

मोठ्या संस्थांमध्ये हे किती वाढू शकते, ते अमेरिकेच्या संघराज्य सरकारने पाहिले. त्यांची डेटा सेंटर १९९८मध्ये ४३२ होती, २००९पर्यंत ती १,१००च्या वर गेली. २०१०मध्ये त्यांच्या एकत्रीकरणाची मोहीम काढावी लागली. सॉफ्टवेअरच्या परवान्यांची गत अशीच. सरकारी खर्चावर नजर ठेवणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१४मध्ये २४ मोठ्या खात्यांची तपासणी केली, तेव्हा परवान्यांची समग्र यादी फक्त दोन खात्यांकडे निघाली. २०१६मध्ये त्यासाठी कायदा झाला. परवान्यांवरच्या खर्चाचा निदान ८० टक्के भाग ज्यात येईल अशी यादी खात्यांनी ठेवावी, असे त्यात बजावले आहे. हा ८० टक्क्यांचा निकष तुम्हीही उचला. शंभर टक्के यादीच्या मागे लागलात, तर ती पुरी होण्याआधीच शिळी होईल.

ब्रिटनचा मार्ग जास्त शिकवणारा आहे. ऑक्टोबर २०१२मध्ये ‘गव्ह डॉट यूके’ हे एकच संकेतस्थळ सुरू झाले आणि ‘डायरेक्टगव्ह’ व ‘बिझनेस लिंक’ ही दोन मोठी स्थळे त्यात विलीन झाली. मागोमाग मंत्रालयांची आणि शेकडो संस्थांची स्थळे आली. मांडणी नागरिकाच्या कामाप्रमाणे ठेवली: गाडीचा कर भरायचा आहे, पासपोर्ट काढायचा आहे. ते काम कुठल्या खात्याचे, हे त्याला माहीत असण्याची अट गेली.

पुढची पायरी आतल्या कर्मचाऱ्यांसाठी होती. ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ हे विचारणारे फोन सगळ्याच खात्यांना येत. अर्जदारांना एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायची व्यवस्था प्रत्येक खात्याने स्वतः उभारायची, म्हणजे तोच खटाटोप पुन्हा पुन्हा. २०१६मध्ये ‘गव्ह डॉट यूके नोटिफाय’ ही सामाईक सेवा आली. सरकारी चमू स्वतःच खाते उघडून ती आधी चाचणीसाठी वापरून पाहू शकतो. ईमेल मोफत, एसएमएस वर्षाला ठरावीक संख्येपर्यंत मोफत, त्यापुढचे दर पानावर लिहिलेले, सेवा नीट चालते की नाही याचे आकडे सर्वांसाठी खुले. ‘सर्वांनी हेच वापरा’ अशा हुकुमापेक्षा इथे सोपेपणाने काम केले. स्वतः बांधण्यापेक्षा ही सेवा शोधणे आणि मिळवणे कमी कष्टाचे होते. कॅनडाच्या सरकारने याच खुल्या कोडवर आपली ‘जीसी नोटिफाय’ उभारली.

कामाला लागू या

आधी पैशाचा माग काढा. ‘तुम्ही कोणती साधने वापरता?’ असा प्रश्न सगळ्या विभागांना पाठवू नका. उत्तरे अर्धवट येतात आणि जे लपवायचे ते लपतेच. त्याऐवजी चार जागा धुंडाळा: खरेदी विभागाच्या ऑर्डरी, कंपनीच्या क्रेडिट कार्डांची आणि रीइंबर्समेंटची बिले, एकाच पासवर्डने सगळीकडे शिरण्याची सिंगल साइन-ऑनची नोंद आणि हेल्पडेस्कची वर्षभराची तिकिटे. फुकट वापरली जाणारी साधने बिलात येत नाहीत, ती फायरवॉलच्या नोंदींत दिसतात. हे सगळे एका एक्सेल शीटमध्ये घ्या आणि शिक्षेची भाषा पूर्ण टाळा. एकावर कारवाई झाली, की बाकीचे आपली खाती वैयक्तिक ईमेलवर हलवतात.

उत्पादनाप्रमाणे लावू नका, कामाप्रमाणे लावा. प्रत्येक ओळीसमोर एक साधे वाक्य लिहा: कोण, कशाचे, काय करते. ‘प्लँटमधला सुपरवायझर रोजच्या बिघाडाची नोंद करतो.’ ‘विक्री प्रतिनिधी कोटेशनवर ग्राहकाची सही घेतो.’ मग शीट क्रियापदाप्रमाणे लावा. सही घेणे, मत गोळा करणे, फाइल पाठवणे, मंजुरी मागणे. नावांच्या यादीत न दिसलेल्या जोड्या इथे शेजारी येऊन बसतात.

एका वस्तूला अनेक बाजूंनी वाट ठेवा. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३मध्ये कोलन वर्गीकरण मांडले. पुस्तकाला एकाच खणात कोंबण्याऐवजी त्याच्या विषयाचे वेगवेगळे पैलू सांगायचे आणि ते जोडून त्याची जागा ठरवायची, अशी ती पद्धत. सेवांच्या यादीला ती नेमकी लागू पडते. पैलू चार पुरेत: काम कोणते, वापरणारा कोण, डेटा कशाचा, कुठे चालते. नाशिकच्या प्लँटमधला माणूस जागेवरून आत शिरेल, ऑडिटर डेटावरून शिरेल. दोघेही एकाच नोंदीवर पोहोचले पाहिजेत. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र. सेवासूचीची परीक्षाही त्यावरच घ्या.

नावे वापरणाऱ्यांकडून घ्या. इंट्रानेटच्या शोधपेटीत गेल्या सहा महिन्यांत काय टाइप झाले आणि कशाला काहीच उत्तर आले नाही, ती यादी आयटीकडून मागवा. तुमच्या हातातला तो सर्वांत स्वस्त ऐवज आहे. लोक ‘सॅलरी स्लिप’ लिहितात, ‘पगारपत्रक’ लिहितात, रोमन लिपीत चुकीच्या स्पेलिंगनेही लिहितात. सेवेचे अधिकृत नाव कामावरून एकच ठेवा, पण हे सगळे पर्यायी शब्द तिच्या नोंदीला जोडा. ‘गरुड’ हे जुने नावही त्यात असू द्या, कारण जुनी माणसे तेच शोधणार.

रचना कागदावर तपासा. सेवांची नावे चिठ्ठ्यांवर लिहा आणि वेगवेगळ्या विभागांतल्या पंधरा-वीस जणांना त्यांचे गट पाडायला सांगा. बहुतेकांनी जे एकत्र ठेवले ते तुमच्या मेनूतही एकत्र हवे. मग उलटी परीक्षा घ्या. फक्त मेनूचा आराखडा द्या आणि विचारा, ‘पाहुण्याला उद्या वायफाय हवे आहे, तुम्ही कुठे दाबाल?’ जिथे लोक चुकतात तिथे मेनू बदला. पोर्टल बांधायला द्यायच्या आधी हे उरका, नंतर प्रत्येक बदलाचे वेगळे कोटेशन येते.

प्रत्येक सेवेचे एक पान करा. त्यावर एवढे पुरे: सेवा काय करते, कुणासाठी आहे, कशासाठी नाही, कशी मिळवायची, किती दिवस लागतात, विभागाच्या खात्यावर किती खर्च पडतो, कोणता डेटा साठवते, मालक कोण, करार कधी संपतो आणि पान शेवटचे कधी तपासले. ‘कशासाठी नाही’ ही ओळ गाळू नका. साधन अपुरे आहे हे आधीच कळले, तर माणूस ते घेऊन, फसून, चिडून दुसरे आणत नाही. मालक म्हणून विभाग लिहू नका, पद लिहा. दर सहा महिन्यांनी त्या पदावरच्या व्यक्तीने ‘अजून बरोबर आहे’ असे नोंदवायचे. नोंद झाली नाही, तर पानावर ‘तपासणी बाकी’ असा शेरा आपोआप दिसावा.

खरेदीच्या दाराशी एक प्रश्न ठेवा. नव्या साधनाची मागणी आली, की फॉर्मवर विचारा: ‘सूचीतली कोणती सेवा पाहिली आणि ती कुठे कमी पडली?’ संबंधित मालकाने तीन दिवसांत उत्तर द्यायचे. नाही दिले, तर मागणी पुढे सरकेल. ही मुदत महत्त्वाची आहे. तपासणीच्या नावाखाली फाइल पंधरा दिवस पडून राहू लागली, तर लोक पुन्हा परस्पर खाती उघडतील. ‘कमी पडते’ म्हणून आलेली कारणे साठवत जा. तीन विभागांनी एकच कमतरता सांगितली, तर आहे त्याच सेवेत ती सुविधा आणणे बहुधा नव्या करारापेक्षा स्वस्त पडते.

सगळीच जोडी फालतू नसते

इथे उत्साहाला आवर घाला. बँकांना आपत्तीच्या वेळेसाठी दुसऱ्या ठिकाणी डेटा सेंटर ठेवावे लागते, ती जाणूनबुजून केलेली तरतूद आहे. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली नोंदप्रणाली आणि ऑफिसातली साधी फाइल-व्यवस्था दिसायला सारखी असेल, पण पहिलीत कोणी कधी काय बदलले याचा पुसता न येणारा माग लागतो. विकत घेतलेल्या कंपनीची पगारप्रणाली वर्ष संपेपर्यंत वेगळी चालू ठेवणेही शहाणपणाचे असते. म्हणून प्रत्येक जोडीला एकच कसोटी लावा: दोन का आहेत, याचे कारण कुणी लिहून सही करायला तयार आहे का? तयार असेल तर ते कारण सूचीत टाका, म्हणजे पुढच्या वर्षी नवा अधिकारी तीच चर्चा पुन्हा काढणार नाही. कुणीच तयार नसेल, तर बंद करण्याच्या यादीत घ्या.

बंद करतानाही मांडणीचे भान ठेवा. करार संपण्याआधी नोटिशीची मुदत किती हे पाहा. अनेक करार मुदतीत कळवले नाही, तर आपोआप पुढे सुरू राहतात. डेटा हलवल्यावर जुनी सेवा एक तिमाही फक्त वाचण्यापुरती ठेवा. जुन्या लिंक नव्या जागी वळवा, नाहीतर लोकांच्या ब्राउझरमधले बुकमार्क त्यांना रिकाम्या पानावर नेतील आणि ‘आयटीने आमचे साधन काढून घेतले’ अशी हाकाटी होईल.

लहान कंपनी असेल तर

यासाठी महागडे पोर्टल लागत नाही. शंभर माणसांच्या कंपनीत एक सामाईक एक्सेल शीट आणि ती सांभाळणारी एक जबाबदार व्यक्ती पुरते. महिन्यातला अर्धा दिवस तिच्या कामाच्या वेळेत धरून द्या, वरचे ओझे म्हणून टाकू नका. प्रगती मोजायला तीन आकडे ठेवा: उत्तर न मिळालेले शोध किती, ‘हे कुठे मिळेल’ अशी तिकिटे किती आणि सूचीत सापडले म्हणून मागे घेतलेल्या खरेदीच्या मागण्या किती. पहिले दोन उतरत गेले आणि तिसरा चढला, तर मांडणी कामाला लागली असे समजा. वाचलेल्या रुपयांचा आकडा त्यामागून येतो. तोच आधी मागितला, तर पुन्हा छाटणीची मोहीमच निघेल.

सुरुवात सगळ्या कंपनीपासून करू नका. पुढच्या तीन महिन्यांत रिन्यूअलला येणारे करार फायनान्सकडून मागवा, त्यातले एकच काम निवडा आणि फक्त त्या कामापुरती वरची सगळी पावले टाका. फॉर्म भरून घेणे असेल, तर फॉर्मच. त्या एका कामाची नोंद, नाव, मालक आणि वाट पक्की झाली, की करारावर सही करायची की नाही याचे उत्तर सहीच्या तारखेआधी तुमच्या हातात असेल. पुढचे काम पुढच्या तिमाहीत.